पुढचं वाक्य

चाळीस वर्षं मी लोकांना पुढचं वाक्य सांगत आलो. नाव पत्रू, धंदा प्रॉम्प्टर. गडचिरोलीकडच्या वडशाच्या नाटक कंपन्यांत विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर वही धरायची आणि स्टेजवरचा माणूस अडखळला की पुढचे तीन-चार शब्द हळूच त्याच्याकडे सरकवायचे. आमच्याकडे दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं चालतात. आज मंडईच्या जत्रेला, उद्या शंकरपटाच्या बैलशर्यतीला, रोज नवं गाव, आणि तालीम म्हणाल तर एक, फार तर दोन. पाठांतर कुणाचंच नसतं. हिरो मिशीला पीळ देतो, हिरॉईन पदराला, आणि नाटक पुढं ढकलतो तो प्रॉम्प्टर. बॅनरवर मात्र त्याचं नाव मंडपवाल्याच्याही खाली.

या धंद्यात भीती एकाच गोष्टीची असते. शांततेची. स्टेजवर दोन श्वास कुणी बोललं नाही की मागची पोरं शिट्ट्या मारतात. तिसऱ्या श्वासाला चप्पल येते. त्यामुळे कुणी थांबलं की माझी जीभ आपोआप हलते, मला विचारत नाही. बायको जिवंत होती तेव्हा तिची वाक्यंही मीच पुरी करायचो. ती म्हणायची, "मले मरू तरी माह्या मनानं द्याल का नाई?" मी हसायचो.

लॉकडाऊनमध्ये दोन सीझन बुडाले. पहिल्या वर्षी आम्ही चकाट्या पिटत बसलो. दुसऱ्या वर्षी आमचा तबलजी इसरू गेला. रोगानं नाही. एकटा राहायचा. आधी त्यानं बोलणं टाकलं, मग जेवण टाकलं, आणि तो गेल्याचं शेजाऱ्यांना चौथ्या दिवशी कळलं. ज्याच्या ठेक्यावर पाच-पाच हजार माणसं मान डोलवायची, त्याचं दार चार दिवस कुणी वाजवलं नाही. आम्हीही नाही. माझं घर त्याच्यापासून दोन गल्ल्यांवर.

तेरवीला कलाबाई माझ्याजवळ येऊन बसली. कलाबाई म्हणजे आमच्या रंगभूमीची आई. तीस वर्षं तिनं आईच्याच भूमिका केल्या आणि पोटी मूल नाही. नवरा गेल्यापासून तीही घरात भिंतीकडे तोंड करून बसायला लागली होती. म्हणाली, "पत्रूभाऊ, आता एकटं नाई राहाचं कोनी. पुढचा नंबर माहा हाय, मले समजून राह्यलं."

असा तो संसार सुरू झाला. एका बंद पडलेल्या कंपनीचा तालमीचा हॉल राईस मिलच्या मागं रिकामा पडला होता. मालक म्हणाला, उंदरं राहतात त्यापेक्षा तुम्ही राहा. वर पत्रे, खाली फरशी आणि एका टोकाला हातभर उंचीचं लाकडी स्टेज. मी, कलाबाई आणि लोकेश. लोकेश आमचा खलनायक. त्याला पाहून गावोगावच्या बायका बोटं मोडायच्या, आणि हा बहाद्दर झुरळ दिसलं की खाटेवर चढणार. त्याचा धाकटा भाऊ मोहफुलं वेचायला गेला आणि वाघानं नेला. तेव्हापासून लोकेश दारूत बुडाला होता.

नियम तीनच केले. एकट्यानं जेवायचं नाही. बाहेर जाताना कुठं जातो ते सांगायचं. आणि रोज दुपारी चार वाजता सगळ्यांनी मिळून बसायचं, बाहेरच्या माणसाशिवाय. हा तिसरा नियम गडचिरोलीहून आलेल्या एका ताईनं सांगितला. ती मन बिघडलेल्या लोकांसाठी गावागावांत असे छोटे गट उभे करायची. म्हणाली, मनातलं बोला, एकमेकांचं ऐका, बस्स.

पहिल्या दिवशी आम्ही बसलो आणि पोळ्याच्या तोरणाखाली उभ्या केलेल्या बैलांसारखे एकमेकांकडे बघत राहिलो. जन्मभर दुसऱ्याचं लिहिलेलं बोललेली माणसं आम्ही. स्वतःचं बोलायला तोंड उघडेना. आठवडाभर हीच गत. शेवटी मीच वैतागून म्हणालो, "अरे, नाई जमत तं डायलॉग म्हणा! स्टेजवर चढा अन् कोनताही जुना डायलॉग म्हणा."

लोकेश चढला. एका नाटकात त्याला वाटणीवरून भावाचा काटा काढायचा असतो, तो प्रवेश त्यानं घेतला. "माझा भाऊ माझ्या वाटेतला काटा आहे," इथपर्यंत आला आणि गप्प झाला. मी खालून वाक्य दिलं, "आणि काटा उपटल्याशिवाय वाट चालता येत नाही." त्यानं ते म्हटलं. मग मटकन खाली बसला आणि त्याच्या तोंडून त्याचं स्वतःचं सुटलं. "मी जानार होतो त्याच्यासंगं. रातची उतरली नव्हती. तो मले उठवून राह्यला होता अन् मी त्याले लाथ मारली, पत्रूभाऊ. लाथ मारली मी." दीड तास रडला. त्या दिवसापासून दारू सुटली. एकदम नाही, पण सुटली.

मला काय वाटलं असेल सांगा. चाळीस वर्षं हिरोच्या टाळ्या ऐकल्या, आणि आता माझ्या एका वाक्यानं माणूस वाचला होता. मी चांगलाच फुगलो. कलाबाईला म्हणालो, गाडी अडली की धक्का द्यायचा, इतकंच असतं. तिलाही तेव्हा बरं वाटायला लागलं होतं, दोन वेळा जेवत होती, भाजीवाल्याशी भांडत होती.

दिव्यानी आली ती मागच्या वर्षीच्या होळीनंतर. मुलचेऱ्याकडच्या एका गावातली मुलगी, वय एकोणतीस. तीन सीझन हिरॉईन म्हणून गाजली होती. चौथ्या वर्षी ऐन दिवाळीत तिनं कंपनी सोडली आणि घरी जाऊन निजली. निजली म्हणजे निजलीच. जानेवारीत तिनं औषध घेतलं, फवारणीचं. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून राहिली. तिची आई अंजनाबाई तिला घेऊन दिवसभराचा एसटीचा प्रवास करून आमच्या दारात आली.

"मारपीट नाई, सोडचिठ्ठी नाई, कोनी मेलं नाई," अंजनाबाई सांगत होती. "सारे मले पुसतेत, पोरीले काय झालं? काईच झालं नाई, भाऊ. काई झालं असतं तं मी त्याच्याशी भांडली असती." मग माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "माह्यानं आता रात-रात जागवत नाई. धान कोनाच्या भरवशावर टाकू? तुमी कलावंत मानसं, तुमच्यात थे बोलंल. हिले एकटी सोडू नोका, एवढंच करा."

मी म्हणालो, "माय, तू बिनघोर जा." शब्द दिला. तो शब्द सगळ्यांत आधी मी दिला, हे लिहून ठेवतो, कारण नंतर पुष्कळांनी मला सांगितलं की दोष कुणाचा नव्हता.

आम्ही तिला एकटी सोडली नाही. गोळ्या कलाबाई स्वतःच्या हातानं द्यायची आणि गिळेपर्यंत तोंडाकडे बघत राहायची. दर महिन्याला लोकेश तिला गडचिरोलीच्या डॉक्टरांकडे घेऊन जायचा. सकाळी ती दूध आणायला जायची तेव्हा मी बरोबर. वाटेत मी बडबडायचो, ती ऐकायची. कधी विचारलं, कसं वाटते बेटा, तर म्हणायची, "काई नाई वाटत, काका." मला वाटायचं, बरं आहे, वाईट तर वाटत नाही. त्या तीन शब्दांचा अर्थ मला आज कळतो, उपयोग काय?

चार वाजता ती बसायची, बोलायची मात्र नाही. आम्ही आमचं आमचं रडून-हसून मोकळे व्हायचो आणि ती गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत राहायची. ताई म्हणाली होती, घाई करू नका. मी मनात म्हणायचो, बाई, तुम्ही महिन्यातून एकदा येता, आम्ही रोज बघतो.

पोळा झाला आणि वडशात हालचाल सुरू झाली. कंपन्यांची ऑफिसं उघडली, बाहेर नवे बॅनर लागले, गावोगावची मंडळं तारखा घ्यायला येऊ लागली. एका कंपनीचा मॅनेजर विनोद मला चौकात भेटला. त्याला हिरॉईन हवी होती. मी म्हणालो, "दिव्यानी हाय ना आमच्याकडं. आता बरी हाय." कुणी सांगितलं होतं मला बरी आहे म्हणून? पण सहा महिने झाले होते, गोळ्या चालू होत्या, आणि मला ते वाक्य बोलून बघायचं होतं. तोंडातून निघालं आणि खरंच वाटलं.

घरी येऊन तिला विचारलं. ती म्हणाली, "बरं." पुन्हा विचारलं, "करशील का सीझन?" म्हणाली, "तुमी म्हंता तं करीन." कलाबाईचा चेहरा उजळला. लोकेशनं पेढे आणले. मी विनोदला निरोप धाडला, उद्या चार वाजता ये, ऐकून घे तिला. बाहेरच्या माणसाला चार वाजता येऊ द्यायचं नाही, हा आमचाच नियम. कलाबाईनं आठवण केली तेव्हा मी खेकसलो, "एक दिवस नियम नाई पाळला तं आभाळ नाई कोसळत."

दुसऱ्या दिवशी विनोद आला. खुर्चीवर बसला, चहा घेतला, सारखा घड्याळ बघत होता. दिव्यानीनं केस विंचरले होते, कलाबाईचं निळं लुगडं नेसली होती. स्टेजवर चढली. मी खाली माझ्या जागेवर, हातात वही. 'चुलीत गेलं माहेर' हे तिचं गाजलेलं नाटक. नावाला हसू नका, त्या नाटकानं एका सीझनमध्ये नव्वद गावं रडवली होती. शेवटच्या अंकात नायिका घर सोडून निघते, तो प्रवेश होता.

आवाज तोच होता, खणखणीत. लोकेशनं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. ती बोलत गेली, "आई, मी निघते. उंबऱ्यात दिवा ठेवू नकोस. माझी वाट पाहू नकोस. मला आता…"

आणि थांबली.

पुढचं वाक्य वहीत होतं. 'मला आता या घराचा घास नको.' ती ते विसरली नव्हती. नव्वद वेळा म्हटलेलं वाक्य माणूस विसरत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तिचे ओठ उघडे होते. ती समोर बघत नव्हती, विनोदकडे नाही, कलाबाईकडे नाही. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येत होतं, खोल विहिरीतून भरलेली बादली वर येते तसं, हळूहळू, हिंदकळत. एक श्वास गेला. दुसरा गेला. विनोदनं खुर्चीत चुळबुळ केली.

"या घराचा घास नको," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, त्या नजरेत मला शोधूनही राग सापडत नाही. ती फक्त परत खाली गेली, विहिरीत. मग मान वर केली आणि वाक्य म्हटलं, असं म्हटलं की विनोद उठून उभा राहिला. पुढचा सगळा प्रवेश तिनं न अडखळता केला. लोकेशनं शिट्टी मारून 'वन्स मोर' दिला. तिनं हात जोडले, थोडी हसली आणि खाली उतरली. विनोद जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पत्रूभाऊ, कमाल केली तुमी. पोरगी उभी केली." मी कलाबाईकडे बघितलं, शाबासकीसाठी. ती चहाचे कप उचलत होती.

रात्री सगळे एकत्र जेवलो. भात आणि लाखोरीची डाळ. दिव्यानीनं दोनदा भात घेतला.

सकाळी मी चप्पल घालत होतो तर ती म्हणाली, "काका, तुमी बसा. दूध मी आनतो. आता बरी आहो ना मी." माझंच वाक्य होतं ते, विनोदला सांगितलेलं, पण ऐकून माझा ऊर भरून आला. मी म्हणालो, "जा, बेटा." किटली घेऊन ती गेली. कलाबाई आंघोळीला गेली होती. अर्ध्या तासानं तिनं बाहेर येऊन विचारलं, दिव्यानी कुठी हाय, तेव्हा मी पेपर वाचत होतो.

दुपारी नदीवरून निरोप आला. किटली दूधवाल्याच्या ओट्यावर होती, भरलेली. दूध घेऊन मग ती पुढं गेली होती.

पोलीस आले, जबाब झाला. अंजनाबाईच्या भावानं येऊन दिव्यानीचा देह नेला. ताई आली, आमच्याबरोबर बसली, म्हणाली, असं होतं, सगळं करूनही होतं, हा आजारच असा आहे. तिचं खरं असेल. डॉक्टरही तेच म्हणाले. मी मान हलवत राहिलो.

तिसऱ्या दिवशी चार वाजता आम्ही तिघं बसलो. कुणी स्टेजवर चढलं नाही. कलाबाई भिंतीकडे बघत म्हणाली, "थे विसरली नव्हती, भाऊ."

"मले मालूम हाय," मी म्हणालो.

"मंग काऊन बोल्ले?"

तीस वर्षं तिनं माझ्याकडून वाक्यं घेतली होती. लोकेश उठला आणि बाहेर गेला, कुठं जातो ते न सांगता. परतला तेव्हा त्याच्या तोंडाला वास येत होता. आठवडाभरानं कलाबाईला तिचा पुतण्या नागभीडला घेऊन गेला. कळतं मला तिथलं. पुतण्याच्या बायकोचा फोन येतो, आत्याबाई जेवत नाहीत म्हणून. लोकेश विनोदच्या कंपनीत गेला, दोन प्रयोगांनंतर त्याला काढून टाकलं. आता चौकात दिसतो कधी. मला बघून रस्ता बदलतो. मालकानं हॉल धानाची पोती ठेवायला दिला. मला म्हणाला, तुम्ही राहा कोपऱ्यात, राखण होईल.

अंजनाबाई आली ती दिवाळी तोंडावर असताना. मुलीचं सामान न्यायला. मी पोत्यांच्या आडून पिशवी काढून दिली. दोन साड्या, कंगवा, दवाखान्याची फाईल, उरलेल्या गोळ्या. तिनं एकेक वस्तू पाहिली, परत ठेवली. मी पाणी दिलं. मला वाटलं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिनं विचारलं, "भाऊ, तुमच्यासंगं होती. शेवटी काई बोल्ली का थे? माह्याजवळ तं चार-पाच महिने तोंड उघडलं नव्हतं. तुमी सारे चार वाजता बोलत होते, म्हनली होती फोनवर."

मी खोटं बोलू शकलो असतो. आईसाठी चार ओळी मला उभ्या-उभ्या रचता आल्या असत्या, चाळीस वर्षं दुसरं काय ऐकलं? 'आई, मला माफ कर' म्हणाली, असं सांगितलं असतं तर ती बाई ते पदरात बांधून मुलचेऱ्याला घेऊन गेली असती आणि जन्मभर पुरवलं असतं. जीभ हललीही. पण त्या पोरीच्या तोंडात मी एकदा वाक्य घातलं होतं. दुसऱ्यांदा घालवेना.

मी सगळं सांगितलं. विनोद, स्टेज, दोन श्वास. सांगितलं की ती 'मला आता' म्हणून थांबली होती आणि काहीतरी बोलणार होती, स्वतःचं. आणि मी बोललो.

अंजनाबाई पिशवी मांडीवर धरून ऐकत होती. रडली नाही. मिलचं यंत्र चालू होतं, त्याचा आवाज पत्र्यांतून येत होता.

"मले आता," ती हळूच म्हणाली, ते दोन शब्द जिभेवर ठेवून बघावेत तशी. मग तिनं मान वर केली. "मले आता, काय, भाऊ?"

ती माझ्याकडे बघत राहिली. वाक्य अडलेली माणसं जशी विंगेकडे बघतात तशी, पूर्ण भरवशानं. मला पुढचं माहीत नव्हतं.